आत?

१

"खाल्लं असंल तर खाल्लं म्हणा की, आई. मी काय पंचायत बसवणार हाय व्हय?"

"आणि खाल्लंच न्हाय तर?"

"मग भांड्यानंच खाल्लं म्हणायचं. रातभर खीर शिजवून दमलं, भूक लागली, आपलीच खीर आपण खाऊन बसलं."

श्रद्धाच्या एका हातात काचेचं झाकण होतं आणि दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. झाकणाच्या पोटाला धरलेलं पाणी ओट्यावर टपटप गळत होतं आणि तिचा डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडं होता. सव्वासहाला कागलची गाडी. चंपाबाई उंबऱ्यावर उभी होती, उजव्या मुठीत जपमाळ, डावा हात चौकटीवर. सुनेला निघायचं तर सासूच्या काखेखालनं निघावं लागलं असतं.

"एकतीस वर्षं झाली," चंपाबाई म्हणाली. "आमचं मालक नेमिनाथ गेले त्या साली स्तवनिधीला जाऊन नेम घेतलाय. दिवस बुडल्यावर ह्या तोंडात पाण्याचा थेंब गेला न्हाय. दवाखान्यात सलाईन लावतो म्हणाला डॉक्टर, तर म्हणलं उजाडल्यावर लाव. आणि तू मला रातचं खाल्लीस म्हणतीस? ते बी त्या आळशी भांड्यातलं?"

"मी नेमाचं बोलतच न्हाय. वय झालंय तुमचं. झोपंत मानूस काय बी करतंय. इचलकरंजीत आमच्या शेजारची म्हातारी झोपंत उठून भाकरी थापायची."

"थापायची न्हवं? खायाची तर न्हाय?"

श्रद्धाला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. डबा ओट्यावर ठेवून तिनं भांडं सासूकडं कलतं केलं. पांढऱ्या मातीच्या आतल्या अंगाला, काल दिवस मावळायच्या आधी जिथवर खपलीची खीर भरली होती, तिथं एक तपकिरी रेघ राहिली होती. खीर त्या रेघेच्या चार बोटं खाली होती.

"आज सोमवार. गेल्या सोमवारपासनं बघतोय. आधी वाटीभर, मग दोन वाट्या, आज ही तऱ्हा. घरात आपण दोघी. मी न्हाय. मग कोण?"

चंपाबाई काहीतरी तोडून बोलणार होती, तेवढ्यात तिची नजर खिरीवर गेली. खिरीवर साय धरली होती. कडेपासून कडेपर्यंत, एका जागी न फाटलेली, जुन्या कापडासारखी सुरकुतलेली साय. कुणी पळी घातली असती, हात घातला असता, तर साय मोडली असती. खीर वरनं गेलीच नव्हती. ती नुसती खाली उतरली होती.

हे तिनं सुनेला सांगितलं नाही. तिला साय, रेघ असलं काही नको होतं. सुनेच्या तोंडून एक वाक्य पाहिजे होतं: आई, तुम्ही न्हवता. तेवढं ऐकल्याशिवाय ती चौकटीवरचा हात काढणार नव्हती.

गाडीचा हॉर्न वाजला. श्रद्धा काखेखालनं वाकून गेली.

२

निपाणीबाहेर, तंबाखूच्या बंद पडलेल्या वखारीमागं जी गल्ली आहे, तिथं हे घर. सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि त्यावर सूनबाई झोपायची तो माळा, त्याला लागून न्हाणी, आणि शेवटी परसदार. एका ओळीत. सोप्यात शिंकलं तर परसात ऐकू जावं, असं. पोरगा गोमटेश बेळगावात कारखान्यात, तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि रविवारी दिवस बुडायच्या आत जायचा. सून कागलच्या सूतगिरणीत, धागा तपासायच्या खोलीत. म्हणजे सूनबाई रोज महाराष्ट्रात जायची आणि झोपायला कर्नाटकात यायची. दोन वर्षं झाली लग्नाला, पण कानडीचा एक शब्द तिच्या जिभेवर बसला नव्हता. "मला लागतंय कुठं?" म्हणायची.

चंपाबाईला ह्याचा राग होता. ती स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती. मराठी अक्षरं तिनं विडीच्या बंडलांवरनं उचलली आणि कानडी अक्षरं गाड्यांच्या पाट्यांवरनं, निपाणीच्या स्टँडवर उभं राहून. एक गाडी गेली की एक अक्षर. चाळिशी ओलांडल्यावर ती दोन्हीकडचा पेपर वाचायला लागली आणि तेव्हापासून तिनं कुणाचं ऐकणं सोडलं.

ते भांडं श्रद्धाच्या भावानं पुण्याहून पाठवलं होतं. गोल, बुटकं, विजेवर चालणारं, आत मातीचं जड पात्र, वर काचेचं झाकण, पुढं एक तांबडा दिवा. आदल्या सांजेला सगळं भरायचं, बटण दाबायचं आणि झोपायचं. ते आठ तास रटरटत नाही, उकळत नाही, नुसतं धुमसत राहतं. सकाळी आमटी तयार, कण्या तयार, खीर तयार. खपली गहू एरवी दोन-दोन तास ढवळावा लागतो. ह्यात हातच लावायचा नाही.

"आळशी भांडं," चंपाबाईनं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं. "बाई झोपलेली आणि सैपाक चाललेला. मग सैपाक करतोय कोण?"

"वीज करती, आई."

"दिवस बुडल्यावर शिजलं ते रातचंच. मी त्यातलं खायची न्हाय."

श्रद्धा वाईट नव्हती. सासूचा मान म्हणून ती दिवस असतानाच गहू, गूळ, नारळाचं दूध भरून ठेवायची, म्हणजे निदान भरणं तरी दिवसाचं. चंपाबाई ते उंबऱ्यावर बसून बघायची आणि आपल्यापुरतं उजाडल्यावर गॅसवर वेगळं शिजवायची.

पण रात्री घरातले दिवे मालवले की तो तांबडा दिवा तेवढा राहायचा, आणि झाकण मधूनच काचेवर काच टेकल्यासारखं हळू वाजायचं. टिक. मग बराच वेळ काही नाही. चंपाबाई माजघरात पडल्या पडल्या त्या टिकची वाट बघत राहायची. आपण कशाची वाट बघतोय हे ध्यानात आलं की तिला स्वतःचाच संताप यायचा.

३

पहाटे साडेचारला उठून ती अंथरुणावरच माळ घेऊन बसायची. एकशेआठ मणी. डोळे मिटलेले, दार लोटलेलं. गेले पंधरा दिवस तीस-चाळीस मणी झाले की परसाकडनं हाक यायची.

"आत?"

कानडी मुलखातली कुणीही बाई दुसरीला असंच विचारते. झालं का? अंघोळ झाली का, जेवण झालं का, चूल झाली का, काहीही असो. आत? झालं असेल तर समोरची म्हणते, आत. परसापलीकडच्या अक्काताईची ही सवय जुनी. तिची म्हैस, तिचं शेण, तिचा पाण्याचा नळ, सगळं पहाटे उठायचं, आणि भिंतीवरनं तिची हाक यायची.

चंपाबाई डोळे न उघडता उत्तर द्यायची, "इन्ना इल्ला." अजून नाही.

एवढंच. मग माळ पुढं.

मंगळवारी तिनं नीट कान दिला, कारण सोमवारचं भांडण पोटात होतं. हाक आली. "आत?" तिनं म्हटलं, "इन्ना इल्ला." थोडा वेळ गेला. मग हाक पुन्हा आली, आणि ह्या वेळी घरातनंच, बंद दारामागनं आल्यासारखा सुनेचा आवाज आला.

"आत!"

चंपाबाईनं डोळे उघडले. मनात म्हणाली, बघ की, सूनबाई कानडी बोलायला लागली. आणि मग: झालं म्हणून कशाला सांगतीस गं त्या अक्काताईला? ती वाटी घेऊन येईल आता.

सहा वाजता स्वयंपाकघरात गेली तर भांडं निम्मं. जोंधळ्याच्या कण्या होत्या आज. वरचा थर वाळून कातडीसारखा ताणलेला, एक भेग नाही, आणि रेघेच्या खाली पाच बोटं.

"कानडी बरी यायला लागली तुला," चंपाबाई म्हणाली.

"टोमणे मारू नका, आई. काय बोलायचं ते सरळ बोला."

"सरळच बोलतोय. पहाटे कानडी बोललीस."

"मी पहाटे अंघोळ करतोय. तुम्ही काय करताय ते तुमचं तुम्हाला ठावं." श्रद्धानं उरलेल्या कण्या डब्यात खरवडल्या. "मला सगळं ऐकू येतंय, आई. मी बोलत न्हाय, एवढंच."

"काय ऐकू येतंय?"

"राहू द्या."

४

त्या दिवशी दुपारी चंपाबाई परसातनं पलीकडं गेली. मनात ठरवून गेली होती: अक्काताई, वाटी पाहिजे तर माग, पण चोरून नेऊ नकोस, आणि नेतीस तर साय न मोडता नेण्याची कला मला शिकव.

अक्काताईच्या दाराला कुलूप होतं. कुलपावर कोळ्यानं जाळं धरलं होतं. गोठा रिकामा, शेणाचा वास वाळलेला.

दूध घालणारा भरमू सायकल ढकलत चालला होता. तो थांबला.

"कुणाला बघताय, आक्का? अक्काताई गोकाकला लेकीकडं गेलीया की. बाळंतपणाला."

"कधी?"

"झाले की वीस-बावीस दिवस. म्हस माझ्याकडं बांधलीया."

"पहाटं येती जाती व्हय मधनं?"

भरमू हसला. "गोकाकासनं? पहाटंच्याला? ती काय विमानानं येती?"

चंपाबाईही हसली. हसायलाच पाहिजे होतं. घरी येऊन ती बोटांवर मोजत बसली. भांडं आलं त्याला सतरा दिवस. अक्काताई गेली त्याला बावीस. हाक सुरू झाली त्याला पंधरा.

मग तिनं डोकं चालवलं, जसं आयुष्यभर चालवत आली होती. पहाटे आवाज लांबनं येतात, वखारीच्या पत्र्यावर आपटून येतात. गल्लीत कानडी बोलणारी आणखी चार घरं आहेत. बाहेरच्या कुणी बाहेरच्या कुणाला विचारलेलं मी माझ्यावर घेतलं. आणि खीर आटते. उष्णतेनं आटते. झाकण असलं तरी आटते. साय तशीच खाली बसते.

सगळं पटण्यासारखं होतं. पण कण्या निम्म्यानं आटत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पंचावन्न वर्षं ती कण्या शिजवत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं माळ हातात घेतली, पण एकही मणी ओढला नाही. हाक आली.

"आत?"

भिंतीपलीकडनं नव्हे. परसातनं नव्हे. परसदाराच्या अलीकडनं. स्वयंपाकघराच्या फरशीला एक घुमारा आहे, रिकाम्या घागरीसारखा, तो त्या शब्दाला लागलेला होता.

"यार?" तिनं कानडीत विचारलं. कोण?

 मग तेच, तेवढ्याच शांतपणे, जणू तिनं काही विचारलंच नव्हतं.

"आत?"

"इन्ना इल्ला," ती म्हणाली. आवाज सवयीनं निघाला. आणि मग आतल्या बाजूनं, पाण्याच्या आवाजातनं, सुनेचा तोच चिडका शब्द: "आत!"

टिक, झाकण वाजलं.

५

"बाहेरनं कडी घाल मला," चंपाबाई गुरुवारी सांजेला म्हणाली.

श्रद्धा भांड्यात मसूर ओतत होती. ती थांबली. "काय?"

"माजघराला स्वयंपाकघराकडनं कडी हाय. ती घाल. पहाटे तुझी अंघोळ झाली की काढ. मी आत कोंडलेली असताना भांडं कमी झालं तर तू माझी माफी मागायचीस, पोराच्या देखत. न्हाय झालं, तर मी तुझं पाय धरतो."

"असलं काय बी करू नका, आई."

"घाल म्हणतोय न्हवं!"

श्रद्धानं कडी घातली. कडी दोनदा वाजली.

दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटाएवढी फट होती. साडेचारला चंपाबाई तिथं बसली, गुडघे पोटाशी घेऊन, डोळा फटीला. आधी तांबडा दिवा दिसला. मग माळ्यावरनं श्रद्धाची पावलं उतरली, न्हाणीचं दार लागलं, आणि त्या दाराखाली पिवळ्या उजेडाची एक पट्टी फरशीवर पसरली. पाण्याची वाफ त्या पट्टीतनं हळूहळू बाहेर येत होती. भांड्याच्या झाकणातनं निघते तशीच. ही गोष्ट तिच्या मनात आली आणि तिला ती आलेली आवडली नाही.

तांबडा दिवा विझला.

विझला नव्हता. त्याच्यापुढनं काहीतरी गेलं होतं, कारण तो परत दिसायला लागला. झाकण वाजलं नाही. पळी वाजली नाही. फक्त एक आवाज आला, लहान मूल दूध पिताना शेवटी शेवटी करतं तसा, समाधानाचा.

मग दाराखालची पट्टी काळी झाली. कुणी दारापुढं उभं राहिलं असतं तर पट्टीत पायांपुरते दोन ठिपके पडले असते. इथं पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, जणू कुणी ओलं पोतं दाराला लावून आडवं टाकलं. आणि त्या पोत्यातनं, दाराला तोंड लावल्यासारखा, शब्द आला. अक्काताईचा आवाज नव्हता तो. आता जवळनं ऐकल्यावर चंपाबाईला कळलं की तो तिच्या ओळखीचा आहे. पण कुणाचा ते आठवेना. आपलाच आवाज माणसाला कुठं ओळखू येतो?

"आत?"

"आत!" श्रद्धा आतनं ओरडली.

"इन्ना इल्ला!" चंपाबाई दारावर मूठ आपटून किंचाळली. "इल्ला! इन्ना इल्ला!"

पट्टी पुन्हा पिवळी झाली. सगळीच्या सगळी, एका क्षणात.

६

श्रद्धा ओल्या केसांनी धावत आली आणि तिनं कडी काढली. भांडं बघितलं. तळाला चार मसूर होते.

"बघ," चंपाबाई म्हणाली. तिची हनुवटी वर होती. "कडी तूच घातलीस. तूच काढलीस. आता म्हण."

श्रद्धानं भांड्याकडं बघितलं, कडीकडं बघितलं. ती म्हणणार होती. चंपाबाईला तिच्या तोंडावर ते दिसलं, ओठ उघडलेसुद्धा. मग सुनेची नजर सासूच्या खांद्यावरनं मागं गेली.

"सोप्याकडचं दार?"

चंपाबाईनं मागं बघितलं. माजघराला दोन दारं. एकाला बाहेरनं कडी होती. दुसरं, सोप्यात उघडणारं, लोटलेलं होतं, रोजच्यासारखं. तिथनं सोपा, सोप्यातनं गल्ली, गल्लीतनं वळसा घालून परसदार, तेही रात्री नुसतं लोटलेलं. पंचावन्न वर्षं त्या घरात राहून ती स्वतःचं दुसरं दार विसरली होती.

"मी त्या दारानं गेलतो? अंधारात? वळसा घालून? तुझ्या मसुरीसाठी?"

"मग तुमचा आवाज कसा आला न्हाणीच्या दाराशी?"

"कुणाचा?"

"तुमचा! रोज येताय की. मी अंघोळीला बसलो की येताय आणि विचारताय, आत? म्हणून. मी म्हणतोय, आत. आत हाय म्हणून आत म्हणायचं, दुसरं काय म्हणू? बाहेर येईस्तोवर भांडं रिकामं आणि तुम्ही माळ घेऊन बसलेल्या. मी कधी बोललो का? म्हणलं, म्हातारं मानूस, भूक लागत असंल, नेमाची लाज वाटत असंल."

चंपाबाई मटकन पाटावर बसली.

"श्रद्धा," ती म्हणाली, "मी आजवर न्हाणीच्या दाराशी येऊन तुला कधी हाक मारली न्हाय. आणि आत म्हंजे आत न्हवं. कानडीत आत म्हंजे झालं. ते विचारतंय, झालं का. शिजलं का. मी रोज न्हाय म्हणतोय. आणि तू रोज त्याला सांगतीस, झालं."

श्रद्धानं तिच्याकडं फार वेळ बघितलं. भीतीनं नव्हे. दवाखान्यात पेशंटकडं बघतात तसं. मग तिनं फोन उचलला आणि सोप्यात गेली, पण सोप्यातलं परसात ऐकू येतं, हे ती विसरली.

"व्हय. न्हाय वो, मी कशाला भांडू? दार बडवत हुत्या. कानडीत ओरडत हुत्या... व्हय, उद्या तुम्ही आला की बोलू."

थोड्या वेळानं तिनं फोन सासूच्या हातात दिला.

"आई," गोमटेश म्हणाला, "तू थोडं दिवस चिकोडीला ताईकडं जा. तितं डॉक्टर हाय चांगला. मी उद्या येतो, परवा सोडतो."

"आणि ताईला काय सांगणार? आई रातचं चोरून खाती म्हणून आणलीया?"

"परवा सकाळी तयार राहा," तो म्हणाला. त्यातच सगळं आलं. म्हणजे रविवारपर्यंत चिकोडीला कळणार, सोमवारपर्यंत बस्तीच्या देवळात कळणार, आणि एकतीस वर्षांचा नेम चार मसुरीच्या दाण्यांत जाणार.

"भांडं टाकून द्या म्हणाव तिला," ती म्हणाली.

"आई, भांड्याचं काय चुकलंय त्यात?"

७

शुक्रवारी सांजेला श्रद्धानं पुन्हा खपलीची खीर भरली, नवरा येणार म्हणून जास्त. रेघेच्याही वर.  चंपाबाई रात्री झोपली नाही, आणि पहाटे सुनेच्या पावलांच्या आधी उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, हातात परसातली काठी.

श्रद्धा आली, दचकली, आणि मग तिचं तोंड घट्ट झालं.

"पहाऱ्याला बसलाय?"

"व्हय. तू जा अंघोळीला. फक्त एक ऐक. काय बी विचारलं तर आत म्हणू नगंस. काहीच म्हणू नगंस. न्हायतर माझ्यासारखं म्हण, इन्ना इल्ला."

"आई, मला गाडी गाठायची हाय." न्हाणीचं दार लागलं. आतनं कडी लागली. पाणी पडायला लागलं, दाराखाली पिवळी पट्टी उमटली, वाफ आली.

चंपाबाईनं पाठ दाराला लावली, तोंड स्वयंपाकघराकडं. परसदाराला तिनं आज आडणा घातला होता, तो हातानं चाचपून बघितला होता. माजघर तिच्या डोळ्यांसमोर. सोप्याकडच्या दाराला तिनं आतनं कडी घातली होती, आज विसरली नव्हती. काहीही आलं तर तिच्यासमोरनंच यायला पाहिजे होतं.

तांबडा दिवा एकदाही झाकला गेला नाही. तरी ती एक पाऊल सरकली आणि झाकणातनं वाकून बघितलं. खीर रेघेवर होती. रेघेच्या वर. कालच्या सांजेइतकीच, वर जाड अखंड साय. एक थेंब कमी नव्हता.

तिला वाटलं, सुटलो. मग दुसरं वाटलं. ज्याला रोज लागत होतं, त्याला आज का नको?

"श्रद्धा," तिनं दाराला म्हटलं, "आज भांड्यातलं काय बी गेलं न्हाय."

"कारण तुम्ही काठी घेऊन समोर उभ्या हाय!" आतनं उत्तर आलं. "चोर पहाऱ्यावर असला की चोरी कशी व्हणार?"

"चोर म्हणालीस मला?"

"मग काय म्हणू? देवाला निवद दाखवतोय म्हणू? मला गप अंघोळ करू द्या. दोन वर्षं तुमचं नेम, तुमचं सूर्य, तुमचं उजाडणं, सगळं सांभाळलं. माझ्या एका भांड्यावर तुमची नजर ठरंना..." पाणी जोरात पडलं, पुढचं ऐकू आलं नाही. मग एकदम, चिडून: "आत! आत हाय म्हणलं न्हवं? आत! किती येळा सांगायचं?"

चंपाबाईच्या हातातली काठी खाली टेकली.

"मी काय बी विचारलं न्हाय," ती म्हणाली.

"विचारलं की. आत्ता. दोनदा."

"बाई, मी तुझ्याशी भांडतोय. मी काय बी विचारलं न्हाय. आणि इथं मला काय बी ऐकू आलं न्हाय."

पाणी थांबलं. नळ कुणी बंद केला ते दारातनं कळत नव्हतं. दाराखालची पट्टी अजून पिवळी होती, पण आता ती आतल्या बाजूनं, हळूहळू, एका टोकापासून काळी होत चालली होती. चंपाबाईनं दारावर तळवा ठेवला. लाकूड गरम होतं, शिजत्या भांड्याच्या अंगासारखं.

"कडी काढ," ती म्हणाली. "श्रद्धा, कडी काढ आणि म्हण, इन्ना इल्ला. म्हण की गं. इन्ना इल्ला."

 मग सुनेचा आवाज आला, दाराला अगदी लागून, लहान पोरीसारखा, त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, आणि सोमवारपासनंचं ते भांडण तिथंच मिटलं, कारण चंपाबाईला जे वाक्य पाहिजे होतं ते ती म्हणाली:

"आई, तुम्ही न्हवता. ह्या येळंला आतनं विचारलं."